धन, कुळ आणि शील : डिकन्सच्या एका कादंबरींतील बोल

चांगल्या कादंबरींतील एखादें सुंदर वाक्य वाचलें कीं तें वहींत उतरून घ्यावें, ही विद्यार्थ्यांची जुनी संवय आहे आणि ती आम्हां शिक्षकांनींच लाविलेली आहे. सुभाषितांच्या वह्या अशाच भरतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु सुभाषित कोणाच्याही तोंडीं शोभतें; कादंबरींतील वाक्याला तोंड ठरलेलें असतें. तें कोणीं म्हटलें, कोणाला उद्देशून म्हटलें, आणि म्हणणाऱ्यानें पुढें स्वतः काय केलें, या तीन गोष्टी सोडल्या तर त्या वाक्याचा अर्धा अर्थ वहीच्या बाहेरच राहतो. पैसा, घराणें आणि माणसाची योग्यता यांविषयींचीं वाक्यें असतील तर ही सावधगिरी विशेषच अवश्य आहे. कारण या विषयावर बोलतांना आपण जगाला मोजीत आहों असें मनुष्याला वाटत असतें. वस्तुतः त्या वेळीं तो स्वतःच मोजला जात असतो.

हा विचार आज मी चार्ल्स डिकन्स याच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीच्या आधारानें आपणांपुढें मांडणार आहें. डिकन्स स्वतः चालवीत असलेल्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकांत ती १ डिसेंबर १८६० पासून ३ ऑगस्ट १८६१ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. नांवांतील ‘एक्स्पेक्टेशन्स’ या शब्दाचा अर्थ नुसत्या आशा इतकाच नाहीं. त्या काळच्या इंग्लंडांत एखाद्या तरुणाला ‘एक्स्पेक्टेशन्स’ आहेत असें म्हटलें म्हणजे त्याला पुढें कोणाची तरी मालमत्ता मिळावयाची आहे, असा अर्थ होई. म्हणजे पैसा पुस्तकाच्या नांवांतच येऊन बसला आहे. मूळ वाक्यें मी शब्दशः म्हणून दाखविणार नाहीं. त्यांचा आशय आणि तीं ज्या प्रसंगीं निघालीं तो प्रसंग सांगेन.

ज्यांनीं कादंबरी वाचलेली नाहीं त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत अशी. केंट परगण्यांतील दलदलीच्या कांठचें एक खेडें. पिप नांवाचा पोरका मुलगा आपल्या थोरल्या, मारकुट्या बहिणीच्या घरीं वाढतो. तिचा नवरा जो गार्जरी हा गांवचा लोहार. अंगानें धिप्पाड, मनानें मऊ, आणि अक्षरओळख जवळजवळ नसलेला. नाताळच्या आदल्या दिवशीं चर्चच्या दफनभूमींत पायांत बेडी असलेला एक पळालेला कैदी पिपला धरतो. भीतीनें पिप घरांतून खाण्याचे पदार्थ व एक कानस चोरून त्याला नेऊन देतो. पुढें मिस हॅविशॅम नांवाच्या एका श्रीमंत व विक्षिप्त बाईच्या वाड्यांत पिपला खेळावयाला बोलावणें येतें. लग्नाच्या दिवशीं वरानें दगा दिल्यापासून या बाईनें घरांतील सारीं घड्याळें बंद ठेविलेलीं आहेत. तेथें तिनें वाढविलेली एस्टेला ही सुंदर आणि गर्विष्ठ मुलगी पिपला भेटते. कांहीं वर्षांनीं जॅगर्स नांवाचा लंडनचा वकील येऊन सांगतो कीं, आपलें नांव गुप्त ठेवूं इच्छिणाऱ्या एका व्यक्तीनें पिपला मोठी मालमत्ता देऊं केली आहे; त्यानें लोहारकाम सोडावें, लंडनला जावें आणि ‘जंटलमन’ व्हावें. ही व्यक्ति मिस हॅविशॅमच असली पाहिजे, असें पिप धरून चालतो. पैसा येत असतो तो मात्र भलतीकडूनच. कोठून, तें योग्य वेळीं सांगतों.

या ‘जंटलमन’ शब्दापाशीं क्षणभर थांबलें पाहिजे, कारण सारी कादंबरी त्याच्याभोंवतीं फिरते. मराठींत त्याला एक शब्द सांपडत नाहीं. खानदानी म्हणावें तर कुळाचा अर्थ येतो, पण शीलाचा येत नाहीं. सज्जन म्हणावें तर शील येतें, पण पैसा आणि रुबाब सुटतात. संभावित म्हणावें तर आपण ‘संभावित चोर’ असेंही म्हणतों! अर्थाची ही ओढाताण मूळ इंग्रजी शब्दांतच आहे. जन्म, पैसा, चालरीत आणि अंतःकरण या चार गोष्टी त्या एका शब्दांत कोंबलेल्या आहेत. आणि कादंबरींतील प्रत्येक पात्र त्यांतील आपल्या सोयीची एक गोष्ट उचलतें.

माणसाच्या योग्यतेविषयींचें पहिलें महत्त्वाचें वाक्य येतें तें जोच्या तोंडून, आणि तें येतें अगदीं आरंभीं. शिपाई त्या पळालेल्या कैद्याला पकडतात. पिपवर आळ येऊं नये म्हणून कैदी आपण होऊन सांगतो कीं, लोहाराच्या घरचें खाणें मीं चोरलें. त्यावर जो त्याला सांगतो कीं, जें खाल्लेंस तें सुखानें खाल्लेंस असें समज. तुझा गुन्हा काय तें आम्हांला ठाऊक नाहीं, पण कोणी आपल्यासारखा जीव उपाशी मरावा असें आमच्या मनांत येणार नाहीं. वाक्य साधें आहे. वहींत उतरून घ्यावें असें त्यांत कांहीं चमकदार नाहीं. पण माणसाला माणूस मानण्यासाठीं जो कोणतीही अट घालीत नाहीं, हें येथें दिसतें. पुढें पुस्तकांत पैशाविषयीं आणि कुळाविषयीं जें जें बोललें जातें, तें या वाक्याशेजारीं ठेवून पहावें.

आतां एस्टेलाचे बोल पाहा. ती पिपशीं पत्ते खेळते. ज्या पानाला आपण गुलाम म्हणतों त्याला इंग्रजींत दोन नांवें आहेत. तेव्हांच्या वरच्या वर्गांत ‘नेव्ह’ म्हणत आणि साधीं माणसें ‘जॅक’ म्हणत. पिप ‘जॅक’ म्हणतो. एस्टेला त्यावरून त्याची थट्टा करिते, आणि त्याचे हात किती खरखरीत व बूट किती जाड आहेत हेंही बोलून दाखविते. तोंवर पिपला आपल्या हातांकडे पाहण्याचें कधीं सुचलेंही नव्हतें. त्या दिवशीं मात्र तो हात पाहतो, बूट पाहतो, आणि त्याला प्रथमच त्यांची लाज वाटते. मग या पानाला ‘जॅक’ म्हणावयाला शिकविणाऱ्या जोचाही त्याला राग येतो. जो जर वरच्या वर्गांत वाढलेला असता तर आपणही तसे झालों असतों, असें त्याला वाटतें.

अपमान किती थोड्या सामग्रीवर उभा राहतो तें येथें पाहण्यासारखें आहे. एक पत्त्याचें पान, एक बुटांची जोडी! एस्टेलानें पिपचें कांहीं हिरावून घेतलेलें नाहीं. तिनें फक्त एक माप त्याच्या हातांत दिलें, आणि पिपनें तें खरें मानून आपल्याच घराला लाविलें. गरिबी पिपच्या घरीं पूर्वीही होती. लाज मात्र त्या दिवशीं आली. या दोन गोष्टी निराळ्या आहेत हें डिकन्सला जितकें कळलें होतें तितकें फार थोड्या लेखकांना कळलेलें आहे.

पिप ही लाज बिडी नांवाच्या गांवच्या शहाण्या मुलीजवळ बोलून दाखवितो. एस्टेलाकरितां मला जंटलमन व्हावयाचें आहे, असें तो म्हणतो. बिडी शांतपणें विचारते, तिला खिजविण्यासाठीं कीं तिला मिळविण्यासाठीं? खिजविण्यासाठीं असेल तर तिच्या बोलण्याची पर्वा न करणें बरें. आणि मिळविण्यासाठीं असेल तर ती तेवढ्या मोलाची नव्हे, असें तिचें मत पडतें. उत्तर बिनतोड आहे. पिपलाही तें पटतें, आणि पटूनही त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. लाज बुद्धीच्या वाटेनें आलेली नसते, म्हणून ती बुद्धीच्या वाटेनें जातही नाहीं.

पुढें पैशाची वार्ता येते आणि गांवाची जीभ पालटते. पिप नवे कपडे शिवावयाला ट्रॅब शिंप्याकडे जातो. प्रथम शिंपी जागचा हालत नाहीं. पिपला मालमत्ता मिळाली हें कानीं पडतांच तो एकदम अदबीनें वागूं लागतो आणि दुकानांतील पोरावर खेकसूं लागतो. पंबलचूक नांवाचा बियाण्यांचा व्यापारी लहानपणीं पिपला जेवतांना गणितें घालून छळीत असे. तोच आतां पिपचा हात हातांत घेण्याची पुन्हां पुन्हां परवानगी मागतो. आपल्याकडे ‘असतील शितें तर जमतील भुतें’ म्हणतात, त्याचेंच हें चित्र. पण नुसतें हंसून पुढें जाऊं नये. पंबलचूकचे सारे शब्द आदराचे आहेत. ते वहींत उतरून घेतले तर विनयाचा उत्तम नमुना वाटतील. त्यांतील एकही शब्द पिपला उद्देशून नाहीं. सारे त्याच्या खिशाला उद्देशून आहेत. पिपला हें अर्धवट कळतें, आणि तरीही तें गोड लागतें.

त्याच वेळीं त्याच पैशासमोर जो कसा उभा राहतो तें पाहा. पिप त्याचा उमेदवार होता. उमेदवारीच्या करारासाठीं मिस हॅविशॅमनें पूर्वीं पंचवीस गिनी दिल्या होत्या. गिनी म्हणजे २१ शिलिंग. आतां शिकलेला हात निघून जाणार, तेव्हां नुकसानभरपाई म्हणून कांहीं हवें काय, असें जॅगर्स विचारतो. प्रश्न व्यवहाराला धरून आहे. जो हळुवारपणें पिपच्या खांद्यावर हात ठेवतो आणि जें सांगतो त्याचा भाव हा कीं, भट्टीपाशीं आलेलें तें लहान मूल, माझा सोबती, त्याची भरपाई पैशानें होईल असें ज्याला वाटतें त्याला काय म्हणावें? वाक्य त्याला पुरें करवत नाहीं. जॅगर्सच्या दृष्टीनें हा भोळेपणा. डिकन्स येथें टीका-टिप्पणी करीत नाहीं. एकच रक्कम तो दोघांसमोर ठेवतो; एकजण लवून नमस्कार करितो, दुसऱ्याचा कंठ दाटून येतो.

लंडनमध्यें पिपची गांठ हर्बर्ट पॉकेट या उमद्या तरुणाशीं पडते. हर्बर्ट चांगल्या घराण्यांतला, पण खिसा रिकामा. पिपला काट्याचमच्यानें कसें जेवावें हें तो इतक्या हळुवारपणें शिकवितो कीं शिकणाऱ्याला लाजावें लागत नाहीं. त्याच्या तोंडीं डिकन्सनें दोन वाक्यें घातलीं आहेत. पहिल्यांत तो सांगतो कीं, मिस हॅविशॅमचे वडील मद्य गाळण्याचा कारखाना चालवीत आणि तरीही ते प्रतिष्ठित होते. पाव भाजणाऱ्याला मात्र ती प्रतिष्ठा नाहीं. असें कां, हें त्यालाही सांगतां येत नाहीं. समाजांतील उच्चनीचतेचे नियम पुष्कळदां असेच असतात. ते सर्वांना पाठ असतात, आणि त्यांचें कारण कोणालाच सांगतां येत नाहीं.

दुसरें वाक्य गंभीर आहे. मिस हॅविशॅमला फसविणाऱ्या त्या वराविषयीं हर्बर्ट आपल्या वडिलांचें मत सांगतो. त्या मताचा आशय असा कीं, मनाचा थोरपणा नसेल तर चालीरीतींचा थोरपणा टिकत नाहीं. लांकडाला रोगणाचे हात जितके द्यावेत तितक्या त्याच्या अंगच्या रेघा अधिकच उठून दिसतात. हें वाक्य पुष्कळांच्या वहींत असतें, आणि तें योग्यच आहे. पण तें जेथें आलें तेथें ठेवून पाहिलें तर त्यांतून एक कडवट प्रश्न निघतो. रेघा दिसतात त्या कोणाला? हा फसव्या मनुष्य म्हणजे कॉम्पेसन. पुढें आपल्याला कळतें कीं, त्याच्यावर आणि मॅग्विच नांवाच्या एका अडाणी, दरिद्री माणसावर एकाच गुन्ह्याबद्दल एकत्र खटला चालला होता. कॉम्पेसनचे कपडे चांगले, केस विंचरलेले, बोलणें शुद्ध, ओळखी मोठ्या. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. मॅग्विचला चौदा. बेत आंखणारा कॉम्पेसन, आणि दुप्पट शिक्षा त्याच्या हाताखालच्या माणसाला! न्यायालयाला रोगणच दिसलें. एक प्रकरण सुभाषित सांगतें आणि दुसरें त्याची किंमत सांगतें. दोन्ही मिळून डिकन्सचें म्हणणें पुरें होतें.

आतां सत्ताविसावें प्रकरण. माझ्या मतें सर्व पुस्तकाचा कणा येथें आहे. जो पिपला भेटावयाला लंडनला येतो. पिप प्रांजळपणें सांगतो कीं, पैसे देऊन ती भेट टाळतां आली असती तर आपण खचित पैसे दिले असते. जो येतो तो ठेवणींतल्या, अंगाला न बसणाऱ्या कपड्यांत. टोपी कोठें ठेवावी हें न कळून तो ती शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो, आणि ती पुन्हां पुन्हां खालीं पडते. ज्या मुलाला त्यानें अंगाखांद्यावर वाढविलें त्याला तो मध्येंच ‘साहेब’ म्हणतो. निघतांना मात्र त्याची भाषा मोकळी होते. तो म्हणतो त्याचा भाव असा: माणसांच्या जगांत ताटातुटी असावयाच्याच, कोणी लोखंडाचें काम करितो, कोणी कथलाचें, कोणी तांब्याचें, कोणी सोन्याचें. चूक आज कोणाची झाली असेल तर ती माझी. या कपड्यांत मी शोभत नाहीं. भट्टीपाशीं, हातांत हातोडा असतांना मला येऊन पाहा, मग मी तुला इतका विचित्र वाटणार नाहीं.

हा भाव मराठींत सांगतांना एक अडचण येते, आणि ती लपवूं नये. लोहार, तांबट, सोनार हे शब्द आपल्या कानाला नुसत्या धंद्यांचे वाटत नाहींत. ते जातींचे वाटतात. त्यामुळें आपल्यापैकीं कोणी या वाक्याचा असा अर्थ काढील कीं, ज्यानें त्यानें आपल्या पायरीनें राहावें, असेंच जो सांगत आहे. मला तो अर्थ बरोबर वाटत नाहीं. जो कामांतील भेद सांगतो. मोलांतील भेद सांगत नाहीं. सोन्याचें काम करणारा लोखंडाचें काम करणाऱ्याहून थोर, असें त्याच्या बोलण्यांत कोठेंही नाहीं. उलट तो म्हणतो कीं, तूं मला चुकीच्या जागीं उभें करून मोजलेंस; माझ्या जागीं येऊन मोज. पण ज्या देशांत धंदा जन्मानें ठरत आला आणि त्या धंद्यावरून माणसाची किंमत ठरत आली, तेथें हें वाक्य वापरतांना जपलें पाहिजे. जोनें स्वतःविषयीं नम्रतेनें म्हटलेलें वाक्य दुसऱ्यानें त्याला ऐकविलें तर त्याचा अर्थ पार उलटा होतो. म्हणूनच म्हटलें कीं, वाक्याबरोबर त्याचें तोंडही लक्षांत ठेवावें.

आतां पैसा कोणाचा, तें सांगतों. पिप तेवीस वर्षांचा झाला आहे. एका वादळी रात्रीं त्याच्या दाराशीं एक उन्हापावसानें रापलेला म्हातारा येतो. हाच तो दफनभूमींतील कैदी. मॅग्विच त्याचें नांव. त्याला ऑस्ट्रेलियांत न्यू साउथ वेल्स येथें काळ्या पाण्यावर पाठविलें होतें. तेथें मेंढ्या पाळून त्यानें पैसा मिळविला, आणि त्या एका नाताळांत आपल्याला अन्न आणून देणाऱ्या मुलासाठीं तो सारा पाठविला. परत आल्यास फांशी हें ठाऊक असूनही तो आपला जंटलमन डोळ्यांनीं पाहावयाला आला आहे. तो अभिमानानें सांगतो कीं, वसाहतींतले बडे लोक घोड्यावरून जातांना माझ्या अंगावर धूळ उडवीत. तेव्हां मी मनाशीं म्हणत असें कीं मी तुमच्याहून चांगला जंटलमन घडवीत आहें. मी स्वतः जंटलमन नसलों तरी अशा एकाचा मालक आहें!

‘मालक’ हा शब्द येथें फार महत्त्वाचा आहे. मॅग्विचचें प्रेम खरें आहे. तो स्वतः कष्टांत राहिला तो पिपनें सुखांत राहावें म्हणून. पण ज्या समाजानें त्याला चिरडलें त्याचेंच माप त्यानें उचललें आहे. घोड्यावरच्या लोकांचा सूड घ्यावयाचा तर घोड्यावर बसणारा आणखी एक माणूस विकत घ्यावा, एवढेंच त्याला सुचलें. मिस हॅविशॅमनेंही तेंच केलें. पुरुषजातीवर सूड उगविण्यासाठीं तिनें एस्टेलाला घडविलें. एका वडीलधाऱ्यानें जंटलमन घडविला, दुसरीनें लेडी घडविली. आणि दोन्ही मुलें दुसऱ्याच्या जखमेचीं हत्यारें झालीं. शेवटीं असेंही उघड होतें कीं, पिपच्या खरखरीत हातांना हंसणारी एस्टेला याच मॅग्विचची मुलगी आहे. तिला हें ठाऊक नाहीं. पण पत्त्यांच्या डावावरून केलेली ती थट्टा वाचकाला आतां पहिल्यासारखी वाचतां येत नाहीं.

आणि पिप? त्याला प्रथम वाटते ती किळस. म्हाताऱ्याचें जेवणें, त्याचा स्पर्श, त्याची नजर कांहींच त्याला सोसवत नाहीं. ज्या पैशानें त्याला असल्या माणसाची किळस करण्याइतकें नाजूक केलें, तो पैसा त्याच माणसाच्या घामाचा होता! वयांत आल्यावर पिपला वर्षाला पांचशें पौंड मिळूं लागले होते. ते कोणाच्या श्रमाचे हें त्यानें स्वतःला कधीं खोलांत जाऊन विचारलें नव्हतें. कादंबरीनें धनासंबंधीं विचारलेला मुख्य प्रश्न माझ्या समजुतीनें हाच आहे: तुमच्या सभ्यतेचा खर्च कोणीं दिला, आणि त्याच्याकडे तुम्ही कसे पाहतां?

पिपचा उद्धार होतो तो येथूनच. मॅग्विच पुन्हां पकडला जातो. कायद्याप्रमाणें त्याची सारी मालमत्ता सरकारजमा होते; पिपच्या हातीं एक कवडीही येत नाहीं. पण आतां न्यायालयांत आणि तुरुंगाच्या रुग्णालयांत पिप त्या म्हाताऱ्याचा हात हातांत धरून बसतो. त्या हाताच्या खरखरीतपणाची त्याला आतां आठवणही येत नाहीं. पुढें पिप स्वतः आजारी पडतो, कर्जापायीं अटक होण्याची वेळ येते, तेव्हां जो येऊन त्याची शुश्रूषा करितो. पिप बरा होऊं लागला कीं त्याच्या बोलण्यांत पुन्हां ‘साहेब’ येऊं लागतें. एके दिवशीं पहांटे तो न सांगतां निघून जातो. मागें एक चिठ्ठी आणि कर्ज फिटल्याची पावती असते. लोहारानें जंटलमनचें कर्ज फेडलें. यावर त्यानें कांहींच भाष्य केलेलें नाहीं. सबंध पुस्तकांत पैशाविषयीं याहून मोठा बोल कोणी काढलेला नाहीं असें मला वाटतें.

डिकन्सला हें सारें कोठून कळलें? त्याचा जन्म १८१२ चा. १८२४ सालीं त्याच्या वडिलांना कर्जापायीं लंडनच्या मार्शलसी तुरुंगांत जावें लागलें. बारा वर्षांचा चार्ल्स बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यांत बरण्यांना चिठ्ठ्या चिकटविण्याच्या कामाला लागला. मजुरी आठवड्याला सहा-सात शिलिंग. हा अनुभव त्यानें जन्मभर मनांत कोंडून ठेविला. १८७० सालीं तो वारल्यावर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर यानें लिहिलेल्या चरित्रांतून जगाला तो कळला. खरखरीत हातांची लाज काय असते हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

तेव्हां श्रीमंत तेवढे वाईट आणि गरीब तेवढे चांगले, असें ही कादंबरी सांगते काय? तसें नाहीं. जोच्याच भट्टीवर राबणारा ऑर्लिक गरीब आहे आणि दुष्ट आहे. सरदारकीचा वारसा लाभण्याची आशा असलेला ड्रमल उद्धट आणि क्रूर आहे. परंतु चांगल्या घराण्यांतला हर्बर्ट निर्मळ आहे. पैशानेंही पिपच्या हातून एक चांगलें काम घडलें. त्यानें आपल्या रकमेंतून, हर्बर्टला कळूं न देतां, त्याला एका व्यापारी पेढींत भागीदारी मिळवून दिली. सर्व कांहीं गेल्यावर त्याच पेढीच्या कैरो येथील शाखेंत कारकुनी करून पिप आपलें पोट भरूं लागला. त्यानें आपल्यासाठीं खर्च केलें तें सारें गेलें. गुपचूप दुसऱ्यासाठीं खर्च केलें तेवढें उरलें. पैसा चांगला कीं वाईट याहून तो कोणत्या दिशेनें वाहतो, हें पाहण्याकडे डिकन्सचा कल आहे.

श्रोतेहो, ही इंग्लंडांतील शंभर वर्षांहून अधिक जुनी गोष्ट; ती आपण कां ऐकावी? शाळेंत काम करतांना मीं एक गोष्ट पुष्कळदां पाहिली आहे. फी भरावयाला एखादा बाप कामावरच्याच कपड्यांत येतो. वर्गांतील हुषार मुलाचे डोळे प्रथम बापाच्या चपलांकडे जातात, मग भोंवतालच्या मुलांकडे जातात, आणि मग खालीं वळतात. त्या मुलाचा मला कधीं राग आला नाहीं. तें माप त्याला कोणीतरी दिलेलें असतें. कधीं आम्ही शिक्षक देतों, उच्चारावरून हंसून. कधीं घरचीं वडील माणसें देतात, ‘मोठ्या घरचे’ आणि ‘साधे लोक’ असे शब्द सहज वापरून. ‘मोठा’ हा आपला शब्दही किती फसवा! वयानें मोठा, पैशानें मोठा आणि मनानें मोठा, या तिघांना आपण एकच शब्द लावितों आणि मुलांनीं त्यांतील फरक आपोआप ओळखावा अशी अपेक्षा करितों. शिक्षण देऊन मुलाला वर चढवावें, ही प्रत्येक घराची इच्छा असते आणि ती रास्त आहे. पण वर चढलेल्या मुलाला शिडी धरणाऱ्याचे हात दिसेनासे झाले, तर त्या शिक्षणांत कांहींतरी राहून गेलें असें म्हटलें पाहिजे.

ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत त्यांना माझी एक सूचना आहे. या कादंबरीचें सत्ताविसावें प्रकरण एखाद्या संध्याकाळीं घरांत मोठ्यानें वाचावें. जोची टोपी पडते तेथें मुलें हंसतील. त्यांना मनमुराद हंसूं द्यावें, तें लिहिलेंच आहे हंसण्यासाठीं. मग पुढें वाचीत जावें, आणि मुलें कोणत्या ओळीशीं हंसावयाचीं थांबतात तेवढें पाहावें. तेथें पुस्तक खालीं ठेवून, आपण कोणाला हंसत होतों, एवढेंच त्यांना विचारावें.